पाडलेल्या घराचा माग कसा काढायचा: आमचं चिंचबंदरचं घर

"चिंचबंदरचं घर स्फोटात गेलं." आजोबा असं म्हणायचे, वडील म्हणायचे, मीही माझ्या मुलांना तेच सांगितलं. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाची बोट उडाली. कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळा एकाच बोटीत. दुपारी चार वाजून गेल्यावर पहिला धमाका, अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, मांडवीतली गोदामं जळाली. एवढ्या आगीत आमचं एक दुमजली घर गेलं म्हटल्यावर शंका कोण घेणार?

मी बेस्टच्या वीज खात्यात एकतीस वर्षं मीटर वाचले. निवृत्तीनंतर पेन्शनची कागदपत्रं लावताना मोठ्या आत्याची लग्नपत्रिका हाती आली. वैशाख शके १८६७. लग्नस्थळ: 'राहते घरी, चिंचबंदर'. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १९४५ सालचा मे. स्फोटात गेलेल्या घरात वर्षभराने मांडव घातला होता तर.

तिथून पुढे अडीच वर्षं गेली. ज्यांना आपलं पाडलेलं घर शोधायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी ज्या क्रमाने केलं त्या क्रमाने नाही, करायला हवं होतं त्या क्रमाने. माझं सगळं मुंबई बेटावरचं आहे. उपनगरात आणि गावाकडे कागदांची नावं थोडी बदलतात.

पहिलं काम कपाटं उपसण्याचं. खरेदीखत शोधू नका, ते मिळणार नाही. मिळालं असतं तर हा खटाटोपच नव्हता. पत्ता असलेला कुठलाही चिटोरा शोधा. लग्नपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, गावाहून आलेली पोस्टकार्डं, मनीऑर्डरची कुपनं, जुनं रेशनकार्ड, गोदीतल्या नोकरीचे कागद. कोकणातून आलेलं पोस्टकार्ड सगळ्यात कामाचं, कारण लिहिणाऱ्याला घरनंबर माहीत नसायचा आणि तो खुणा लिहायचा. आमच्या एका कार्डावर होतं, 'भातबाजाराच्या कारंज्याकडून वर, उजव्या हातास, पेंडवाल्याच्या गाळ्यावर'. हे कारंजं म्हणजे केशवजी नाईकांचं, १८७६ सालचं. ते अजून उभं आहे. पेंडवाला नाही.

प्रत्येक चिटोऱ्याचा फोटो काढा आणि कागद कोणाच्या पेटीत सापडला तेही लिहा. ते का लिहायचं हे पुढे कळतं. दोन चुलतभावांत एक पोस्टकार्ड कोणाचं यावरून वाद झाला की कळतं.

आता रस्त्यांची नावं. मुंबईत माणसापेक्षा रस्त्याची नावं जास्त बदलतात. गिरगाव बॅक रोडचा विठ्ठलभाई पटेल रोड झाला, गिरगाव रोडचा जगन्नाथ शंकरशेट रोड, कांदेवाडीचा खाडिलकर रोड, लॅमिंग्टन रोडचा भडकमकर मार्ग. बंदराकडचा फ्रिअर रोड आज पी. डिमेलो रोड आहे. जुना पत्ता घेऊन नव्या मुंबईत फिरलात तर पानवाला तुम्हाला कुर्ल्याला पाठवेल. घरनंबरांवरही भरवसा नको. नंबर पुन्हा पाडले जातात, एका चाळीच्या दोन होतात, दोनाची एक होते.

टिकतो तो जमिनीचा नंबर, म्हणजे सी.एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) नंबर. माझे पहिले आठ महिने फुकट गेले, कारण मी घर शोधत होतो. सरकारदरबारी घर नसतंच, तिथे भूखंड असतो. घर पाडतात, जळतं, पडतं. नंबर जागच्या जागी राहतो. बेटावर हे नंबर विभागवार आहेत: गिरगाव विभाग, भुलेश्वर विभाग, माझगाव विभाग, मांडवी विभाग. आमचं मांडवी विभागात. नंबर एकटा सांगून उपयोग नाही, विभाग सांगावाच लागतो.

तो मिळवायला जागेवर जा. आपल्या भूखंडाशेजारी कुठे पुनर्विकास चालू असेल तर कुंपणावरचा फलक वाचा, त्यावर सी.एस. नंबर आणि विभाग लिहिलेला असतो. शेजारच्याचा नंबर मिळाला की आपला दोनचार घरं इकडेतिकडे. महापालिकेच्या २०३४च्या विकास आराखड्याचे नकाशे संगणकावर बघता येतात, त्यांवरही हे नंबर आहेत. मी दोन्ही केलं आणि शिवाय त्या गल्लीत चहाच्या टपरीवर तीन सकाळी बसलो. मीटर वाचणाऱ्याला एक सवय असते. इमारतीत शिरलं की आधी जिन्याखाली बघायचं. त्या सवयीमुळे एका पुसट पाटीवर वॉर्डाचा जुना नंबर दिसला, आमच्या १९३६च्या घरपट्टीच्या बिलावरच्या नंबराच्या पुढचाच.

आज त्या जागेवर जी इमारत आहे तिच्याबद्दल एक प्रश्न विचाराच: ही उपकरप्राप्त (दुरुस्तीपोटी उपकर भरणारी) आहे का, आणि कुठल्या वर्गात? मुंबई बेटावरच्या जुन्या भाड्याच्या इमारतींचे तीन वर्ग केलेत. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची 'अ', तिथपासून १९५० अखेरपर्यंतची 'ब', आणि १ जानेवारी १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ मधली 'क'. वर्गवारी झाली तेव्हा एकूण १९,६४२ इमारती होत्या, त्यातल्या १६,५०२ 'अ' वर्गात. आमच्या जागेवरची इमारत निघाली 'क'. म्हणजे ती १९५१ नंतर बांधलेली. स्फोट ४४चा. मधली सहासात वर्षं तिथे काय होतं? मुंबईत बंदराजवळची जागा सात वर्षं मोकळी राहते, हे मला कोणी पटवून देऊ शकणार नाही.

सी.एस. नंबर हाती आला की फोर्टातलं जुनं जकात घर. मुंबई शहराचं जिल्हाधिकारी कार्यालय तिथे आहे. भूमापन शाखेत नक्कल अर्ज करून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागा. नुसती चालू पत्रिका नको, आधीच्या बंद झालेल्या पत्रिकेचीही नक्कल मागा. चालू पत्रिकेवर आजचे मालक असतात. आपल्याला जे पाहिजेत ते मेलेले.

पत्रिका एक पानाची दिसते, पण ती सावकाश वाचायची. क्षेत्रफळ जुन्या काळी चौरस वारांत. आमचं १४१ चौरस वार, म्हणजे ११८ चौरस मीटरच्या आतबाहेर. आमच्याकडे 'चिंचबंदरचा वाडा' म्हणायची पद्धत होती. ११८ मीटरचा वाडा! चुलतभावाला हे सांगितलं तर म्हणाला मोजणी चुकली असेल.

मग सत्ताप्रकार, म्हणजे जमीन कुठल्या हक्काने धरलेली आहे ते. बेटावरची ही भाषा वेगळीच आहे: पेन्शन अँड टॅक्स, फोरास, फजिंदारी, सनदी. फजिंदारी लिहिलं असेल तर सावध व्हा. तिथे जमीन फजिंदाराची आणि वरचं घर दुसऱ्याचं, असा प्रकार असतो. घरमालक वर्षाला जमीनभाडं भरायचा आणि स्वतःला मालकच म्हणवायचा. तुमच्या पणजोबांचं नाव पत्रिकेवर दिसलं नाही म्हणून ते खोटं बोलत होते असं ठरवू नका, आधी सत्ताप्रकार बघा.

आणि लॉटन नंबर. कर्नल लॉटननी १८६५ ते १८७२ या काळात मुंबई बेटाची मोजणी केली, त्या नकाशांवरचा हा नंबर. सध्याचे सी.एस. नंबर १९१५च्या कायद्यानंतरच्या मोजणीतले. दोन्ही जुळवले की एकाच तुकड्याचं दोन पिढ्यांपूर्वीचं रूप कळतं. जुन्या खरेदीखतांच्या शेवटी तर नंबरांची रांगच असते: कलेक्टरचा जुना नंबर, कलेक्टरचा नवा, लॉटन सर्व्हे नंबर, सी.एस. नंबर, महापालिकेचा वॉर्ड नंबर, रस्त्याचा नंबर. सगळे उतरून घ्या. कुठल्या खिडकीवर कुठला नंबर चालेल हे आधी सांगता येत नाही.

यापुढे दस्त. १९८५ पासूनचे मुंबईचे नोंदणीकृत दस्त नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. पाडलेलं घर शोधणाऱ्याला त्याचा उपयोग थोडाच. जुन्यासाठी नोंदणी कार्यालयातल्या सूचीच्या वह्या चाळाव्या लागतात. सॉलिसिटरकडची माणसं याला 'सर्च घेणं' म्हणतात आणि पैसे घेऊन ते काम करून देणारेही आहेत. मी स्वतः केलं, आणि आडनावाच्या अक्षराखाली शोधत चार दिवस घालवले. आमच्या नोंदी पणजोबांच्या नावाच्या अक्षराखाली होत्या. त्यात इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनांचे कान निराळे. जगन्नाथ शंकरशेटांसारख्या बड्या माणसाचं नाव जुन्या कागदांत 'जुग्गोनाथ संकरसेट' असं येतं, तिथे गोदीतल्या मुकादमाला कोण विचारतो? काशिनाथचं स्पेलिंग के वरूनच नाही, तर सी वरूनही बघा, विठोबाचं व्ही वरून आणि डब्ल्यू वरूनही. आमचे पणजोबा मला तीन स्पेलिंगांत सापडले आणि तिघेही तेच.

वह्या जीर्ण असतात. पानं उलटताना बोटाला थुंकी लावू नका, बोट दाखवून विचारू नका, पेन नेऊ नका, पेन्सिल न्या. मी पहिल्या दिवशी पेन नेलं होतं.

सापडलेल्या दस्तात पैशाचा आकडा सगळ्यात आधी बघण्याचा मोह होतो. आधी 'ज्याअर्थी'चे परिच्छेद वाचा. विकणाऱ्याकडे ही मिळकत कशी आली, त्याच्या आधी कोणाची होती, कुठल्या तारखेच्या कोणत्या दस्ताने, हे त्यात मागे मागे जात सांगितलेलं असतं. एका दस्तात घराच्या तीन पिढ्या मिळतात. आणि चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस सार्वजनिक गल्ली, दक्षिणेस तमक्याची मिळकत. आपलं नाव हरवलं असेल तर शेजाऱ्याच्या दस्तात शोधा, त्याच्या चतुःसीमेत आपण असतो. पणजोबांचं १८९१चं खरेदीखत मला असंच, शेजारच्या कच्छी व्यापाऱ्याच्या कागदावरून लागलं. व्हिक्टोरिया डॉक सुरू झालं १८८८ ला. तीन वर्षांत मुकादमाने घर घेतलं. कसं, ते दस्तात लिहीत नाहीत.

आणखी दोन ठिकाणं. घरात कोणी मृत्युपत्र केलं असेल तर हायकोर्टाची प्रोबेटची (मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याची) कागदपत्रं. मुंबई शहरात हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेणं सक्तीचं होतं, आणि त्या अर्जाला मिळकतीची यादी किमतीसकट जोडावी लागे. वाटणीचा दावा झाला असेल तर तुमचं भाग्य! भावाभावांच्या भांडणाइतका तपशील कुठेच मिळत नाही. आमच्यात दुर्दैवाने एकी होती.

दुसरं, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला, आणि त्या साथीनंतर १८९८ ला हा ट्रस्ट निघाला. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट त्यांनी दाट वस्ती फोडून काढले. तुमचं घर अशा रस्त्याच्या जागी असेल तर भूसंपादनाचे कागद शोधा. १९३३ ला ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. सरकारी बाजूच्या जुन्या फायलींसाठी काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार आहे. तिथे जाताना विषय आणि साल पक्कं करून जा. 'आमच्या घराचं काही आहे का' असं विचारणाऱ्याला कोणी मदत करू शकत नाही. मी तसंच विचारलं होतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला कागद महापालिकेच्या करनिर्धारण खात्यातला. त्याला इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट म्हणतात. कर ठरवायला निरीक्षक घरात येऊन खोलीवार कोण राहतो आणि काय भाडं देतो ते लिहून न्यायचा, त्याचा उतारा. भाडेकरू आपला हक्क शाबीत करायला तो काढतात, म्हणून खिडकीवरच्या माणसाला नाव लगेच कळतं. मिळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, आणि प्रती मागण्याआधी अभिलेखाचं निरीक्षण मागा. वही समोर आली की कुठल्या पानाची प्रत हवी ते कळतं.

आमच्या 'वाड्या'चा उतारा असा: तळमजला, गाळा, कडधान्याचं गोदाम. तळमजला मागची खोली, खलाशी, एकूण सात. पहिला मजला, मालक स्वतः, दोन खोल्या आणि पडवी. दुसरा मजला, भाडेकरू चार. सात खलाशी एका खोलीत! म्हणजे पाळीपाळीने झोपत असणार. आमची आजी त्यांना जेवण करून घालायची, हे धाकट्या आत्याने नंतर सांगितलं. 'खाणावळ' हा शब्द मात्र तिने वापरला नाही. "ते घरचेच होते," म्हणाली.

आत्याकडे मी फार उशिरा गेलो. तुम्ही आधी जा. कागद थांबतात. ४४ साली ती अकरा वर्षांची होती, मी गेलो तेव्हा शहाऐंशी. "घर कसं होतं?" असं विचारलं तर "मोठ्ठं होतं" एवढंच उत्तर. असं विचारायचं नसतं. मी विचारलं, "आत्या, रात्री उठायला लागलं तर कुठून जायचीस?" तर ती डोळे मिटून चालायला लागली. उंबरा, मग डाव्या हाताला कोनाडा, त्यात कंदील, मग आजोबांची वळकटी चुकवून पडवी, मग जिना, सातवी पायरी वाजायची म्हणून ती गाळायची. मी रांगोळीचा डबा आणला आणि फरशीवर तिने सांगितलं तसं काढत गेलो. सूनबाईंनी नाक मुरडलं. दोन तासांत पहिला मजला पुरा झाला. किल्ली कुठे टांगायचे, लोणच्याची बरणी कोणाला हात लागू नये म्हणून कुठे ठेवायचे, आजारी माणसाची गादी कुठे घालायचे, असले प्रश्न विचारा. मी मीटर कुठे होता हेही विचारलं. "जिन्याखाली, फळीवर," म्हणाली. मग माझा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला.

तिचं बोलणं ध्वनिमुद्रित करा, आणि एकच प्रश्न महिन्याभराने पुन्हा विचारा. उत्तर बदललं तर रागावू नका, दोन्ही लिहून ठेवा.

स्फोटाबद्दल तिला शेवटी विचारलं. तिच्या आठवणीत आवाज नाही, कौलं आहेत. कौलं पत्त्यांसारखी उडाली, माडीचे वासे सरकले, गोदामातली डाळ रस्त्यावर आली आणि लोक ओच्यात भरत होते. भिंती उभ्या होत्या. "भरपाई मिळाली म्हणायचे, पण लढाईचे दिवस, लाकूड कुठे मिळत होतं?"

तो प्रश्न घेऊन मी पुन्हा सूचीच्या वह्यांकडे गेलो, आता फक्त ४४ ते ४६. दुसऱ्या दिवशी सापडलं. नोव्हेंबर १९४४, गहाणखत, साडेचार हजार रुपये. लिहून देणार आजोबांचे थोरले भाऊ, कुटुंबाचे कर्ते म्हणून. कारण: छप्पर व माडीची दुरुस्ती. मे ४५ ला नव्या कौलांखाली मोठ्या आत्याचं लग्न. ऑगस्ट ४६ ला खरेदीखत. घेणारा तोच, ज्याच्याकडे गहाण होतं. करनिर्धारणाच्या वहीत १९५३ ला जुन्या घराचा कर बंद झाल्याची नोंद आहे, १९५५ ला नव्या इमारतीची.

म्हणून सांगतो, घरातली गोष्ट खोटी निघाली तर ती फेकून देऊ नका. तारखांच्या तक्त्यात तिलाही एक रकाना ठेवा: कोण म्हणालं, कधी म्हणालं. माझ्या तक्त्यात 'स्फोटात गेलं' समोर आजोबांचं नाव आहे. त्याच्या खाली गहाणखताचा दस्त क्रमांक. थोरल्या भावाचं नाव आजोबांनी त्यासंदर्भात आयुष्यात एकदाही घेतलं नाही.

एक शेवटचं ठिकाण, जे कागदी नाही. हाऊस गल्ली. जुन्या मुंबईत दोन इमारतींच्या पाठी भंग्याला जायला ठेवलेली अरुंद बोळ. समोरचं सगळं पाडतात, दर्शनी भाग नवा होतो, पण पाठच्या बोळात जुनं जोतं पुष्कळदा तसंच राहतं, कारण ते काढायचा खर्च कोण करणार. इमारतीतल्या कोणाची तरी परवानगी घ्या, जुने बूट घाला, पावसाळ्यात जाऊ नका. माप घ्यायला टेप न्या आणि वर बघत चला, वरून काहीही पडतं.

आमच्या बोळात काळ्या दगडाचं जोतं अकरा फूट शिल्लक आहे. त्याच्या टोकाला एक सपाट दगड, मधोमध झिजून खोलगट झालेला. मला वाटलं, मागच्या दाराची पायरी. चारी बाजूंनी फोटो काढले आणि संध्याकाळी आत्याकडे नेले. तिने चष्मा पुसला, फोनवर बोटाने दगड मोठा केला.

"पायरी कसली रे," म्हणाली. "ही मोरी. इथे आई भांडी घासायची."

रांगोळीवरून कागदावर उतरवलेल्या नकाशात मोरी मी उत्तरेला काढली होती. ती खोडून दक्षिणेला घेतली.